पान किती वेळ खरं?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर विज्ञान मराठीतून शिकवलं. रोज हाताळायच्या वस्तूच्या पोटात काय चाललं आहे हे माणसाला कळायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मानून मी आजचा विषय घेतला आहे: वेबचं पान आणि ब्राउझरने जपून ठेवलेली त्याची प्रत, म्हणजेच कॅश.

फोनवर एखादं पान उघडलं की ते सगळंच्या सगळं त्या क्षणी दुरून आलं, अशी आपली समजूत असते. तसं क्वचितच घडतं. वरचं बोधचिन्ह गेल्या महिन्यात आलेलं असतं, अक्षरांचा फाँट त्याच्याही आधी आणि मजकूर कदाचित दहा मिनिटांपूर्वी. फोन हे तुकडे आपल्या साठ्यातून काढतो, जुळवतो आणि समोर ठेवतो. म्हणून पान झटकन उघडतं. म्हणूनच कधी कधी कालची गोष्ट आजची म्हणून आपल्यापुढे येते.

साठवलेली प्रत दाखवायला अजून योग्य आहे की नाही, हे ठरवतं कोण? बहुतेक जण ब्राउझरकडे बोट दाखवतात. मी आज जे मांडणार आहे ते असं, की हे ठरवण्याचा अधिकार आणि म्हणून जबाबदारीही पान पाठवणाऱ्याची आहे. प्रत्येक पानासोबत त्याची मुदत सांगायची सोय वेबच्या नियमांत फार आधीपासून आहे. पाठवणारा ती मुदत विचारपूर्वक सांगतो तेव्हा पान जलदही येतं आणि खरंही असतं. तो गप्प राहतो तेव्हा ब्राउझरला अंदाज बांधावा लागतो, आणि त्या अंदाजाचा भुर्दंड वाचकाला पडतो.

मुळात प्रत ठेवावीच का लागते, ते आधी पाहू. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल अगदी सरळ रेषेत टाकली असं धरलं, तरी इथला प्रश्न तिथे पोचून उत्तर परत यायला सेकंदाचा आठवा भाग लागणारच. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळणं घेत जाते, वाटेत यंत्रं लागतात आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. यंत्र कितीही महाग घेतलं तरी प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. अंतर कमी करणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि सगळ्यात कमी अंतर म्हणजे आपल्याच फोनची मेमरी.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. टेलिफोनच्या लाईनवरून जोडणी व्हायची. जोडणी चालू असेपर्यंत बिल वाढायचं आणि घरचा फोन अडकून पडायचा. त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ‘वर्क ऑफलाइन’ अशी सोय होती. पानं उघडायची, लाईन तोडायची आणि ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ या फोल्डरमध्ये साठलेल्या प्रती निवांत वाचायच्या. त्याच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वाचकाला विचारलेलं असे: साठवलेल्या पानाची नवी आवृत्ती आली का, हे कधी तपासायचं? पर्याय चार होते. दर भेटीला, ब्राउझर सुरू करताना, आपोआप, किंवा कधीच नाही. ताजेपणा हवा की बचत, ही निवड तेव्हा डोळ्यांसमोर होती. आज तो प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही, पण त्याचं उत्तर कुठेतरी, कोणीतरी देतच असतं. बहुतेक वेळा पान पाठवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, देतो.

ते कसं, हे नियमांच्या इतिहासातून समजतं. मे १९९६ मध्ये एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांची, १.० ही आवृत्ती लिखित रूपात प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘एक्स्पायर्स’ नावाची एक ओळ पानासोबत पाठवता येत असे: हे पान अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत चालेल. अडचण घड्याळाची होती. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की घरचा संगणक काही वर्षं मागे जायचा, आणि मग केव्हाच मुदत उलटलेलं पानही त्याला ताजं वाटायचं. जानेवारी १९९७ मध्ये १.१ ही आवृत्ती आली. तिने ‘कॅश-कंट्रोल’ ही ओळ आणि तिच्यात ‘मॅक्स-एज’ हे माप दिलं. आता तारीख सांगायची गरज उरली नाही, सेकंद सांगायचे. ‘मॅक्स-एज=६००’ म्हणजे हे पान निघाल्यापासून सहाशे सेकंद, दहा मिनिटं, खुशाल वापरा. वाटेत एखाद्या मधल्या साठ्यात पान पाचशे पन्नास सेकंद पडून राहिलं असेल, तर ‘एज’ नावाची ओळ तेही सांगते, आणि फोनच्या वाट्याला पन्नासच सेकंद उरतात. हे नियम पुढे अनेकदा तासून घेतले गेले. सध्या लागू असलेलं रूप जून २०२२ चं आहे; त्या दस्तऐवजाचं नाव आरएफसी ९१११. रॉय फील्डिंग, मार्क नॉटिंगहॅम आणि युलियान रेश्के हे त्याचे संपादक.

आता हे सगळं एका दिवसावर लावून पाहू. दहावीच्या निकालाचा दिवस. राज्य मंडळाच्या परीक्षेला सुमारे पंधरा लाख मुलं बसतात आणि निकाल बहुधा दुपारी एक वाजता संकेतस्थळावर येतो. समजा, एका संकेतस्थळावर सकाळपासून एक सूचनेचं पान आहे: ‘निकाल दुपारी एक वाजता जाहीर होईल’. ते बनवणाऱ्याने त्यावर ‘मॅक्स-एज=३६००’ लावलं आहे, एक तास. एका मुलीने ते पान बारा चाळीसला उघडलं. एक वाजता सर्व्हरवर निकालाचं नवं पान चढलं. एक वाजून पाच मिनिटांनी तिने तीच लिंक पुन्हा दाबली. फोनने हिशेब केला: प्रत पंचवीस मिनिटांची आहे, मुदत साठ मिनिटांची, म्हणजे ताजी. त्याने सर्व्हरला काही न विचारता जुनी सूचना दाखवली. मुलीला वाटलं, निकाल लांबला. तिच्या शेजारच्या मुलाने ते पान आधी उघडलेलंच नव्हतं, म्हणून त्याला मात्र निकाल दिसला. दोघांचे फोन नियमाप्रमाणेच वागले. चूक त्या एका तासात होती. जी सूचना एक वाजता खोटी ठरणार हे आधीच ठाऊक होतं, तिला बारा चाळीसला तासाभराची मुदत देणं चूक होतं.

मग ती मुलगी रिफ्रेश करते. इथे नियमांचा सगळ्यात देखणा भाग कामाला येतो. पान पहिल्यांदा आलं तेव्हा सर्व्हरने त्यासोबत एक खूण दिलेली असते, तिला ‘ईटॅग’ म्हणतात. मजकूर बदलला की खूण बदलते. रिफ्रेश केल्यावर फोन संपूर्ण पान मागत नाही. तो विचारतो, ‘माझ्याकडे ही खूण असलेली प्रत आहे, तीच चालू आहे का?’ पान बदललेलं नसेल तर सर्व्हर ‘३०४’ एवढंच उत्तर देतो: बदल नाही. सोबत मजकूर येत नाही. उत्तर काही ओळींत संपतं आणि फोन आपलीच प्रत पुन्हा वापरतो. पान बदललं असेल तर ‘२००’ या क्रमांकासह नवं पान येतं. मुदत संपलेली प्रत म्हणून लगेच फेकून द्यायची नसते. तिची खात्री करून घ्यायची असते, आणि ती खात्री फार स्वस्तात होते.

काही वेळा साध्या रिफ्रेशने भागत नाही. संगणकावर कंट्रोल आणि शिफ्ट धरून आर दाबलं की ब्राउझर खूण न दाखवता सगळं नव्याने मागतो. पण फोन आणि मूळ सर्व्हर यांच्यामध्ये आणखी एखादा साठा असेल आणि त्याच्याकडेच जुनं पान असेल, तर वाचकाने कितीही वेळा बटण दाबलं तरी जुनंच पान येऊ शकतं. शिवाय ‘मागे’ जाण्याचं बटण वेगळ्या तत्त्वावर चालतं. आपण मघाशी जे पाहिलं तेच पुन्हा दाखवणं हे त्याचं काम, म्हणून ताजेपणाचा हिशेब त्याला लागू होत नाही.

आता बऱ्याचदा घडणारा आणि फार कमी माहीत असलेला प्रकार. पाठवणाऱ्याने मुदत सांगितलीच नाही तर? अशा वेळी नियम ब्राउझरला अंदाज करायची मुभा देतात. पान शेवटचं कधी बदललं हे ठाऊक असेल, तर तेव्हापासून झालेल्या काळाचा काही हिस्सा ताजा धरावा, आणि नियमांत उदाहरण म्हणून दिलेला हिस्सा आहे दहा टक्के. दहा दिवसांपूर्वी बदललेलं पान एक दिवस ताजं. नव्वद दिवसांपूर्वी बदललेलं पान नऊ दिवस. काही ब्राउझर यावर कमाल मर्यादा घालतात, पण तत्त्व हेच. जे इतके दिवस बदललं नाही ते आणखी थोडे दिवस बदलणार नाही, असा हा तर्क आहे. बहुतेक पानांना तो लागूही पडतो. पण आपल्या महाविद्यालयांची, नगरपालिकांची, रुग्णालयांची सूचनांची पानं आठवून पाहा. तीन-तीन महिने तिथे काही हलत नाही आणि मग एके दिवशी प्रवेशाची अंतिम तारीख बदलते. जितकं पान जास्त दिवस स्वस्थ, तितका ब्राउझरचा त्याच्यावरचा विश्वास मोठा. नेमकी बदलाच्या दिवशी हीच प्रत वाचकाला सर्वाधिक काळ चकवू शकते. त्या पानासोबत कॅश-कंट्रोलची एकच ओळ पाठवली असती, तर हे घडलं नसतं.

ती ओळ कोणती असावी? यासाठी निकालाच्या संकेतस्थळाचे तीन भाग करू.

पहिला भाग सगळ्यांना सारखा: बोधचिन्ह, फाँट, पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइली. इथे वेबवर काम करणाऱ्यांनी एक फार चांगली रीत बसवली आहे. फाइलच्या मजकुरावरून आकडेमोड करून एक ठसा काढायचा आणि तो फाइलच्या नावातच घालायचा. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो, म्हणून नावही बदलतं. एका नावाची फाइल मग कधीच बदलत नाही. तिला ‘मॅक्स-एज=३१५३६०००’ अशी वर्षभराची मुदत द्यायला हरकत नाही. शिवाय सप्टेंबर २०१७ मध्ये नियमांत ‘इम्युटेबल’ हा शब्द आला. तो लावला की वाचकाने रिफ्रेश केलं तरी ब्राउझर त्या फाइलची चौकशी करत नाही. एवढी मात्र काळजी घ्यायची, की नवी फाइल चढवताना जुनी लगेच पुसायची नाही. कारण कोणाच्या तरी फोनवर अजून जुनं पान असतं आणि ते जुन्याच नावाने फाइल मागतं.

दुसरा भाग म्हणजे सूचनेचं पान. त्याला ‘नो-कॅश’ लावावं. या आज्ञेने साठवायला बंदी होत नाही. प्रत ठेवा, पण दर वेळी विचारल्याशिवाय दाखवू नका, असं ती सांगते. बदल नसेल तर ३०४ आहेच.

तिसरा भाग म्हणजे प्रत्येक मुलाचे गुण. हे कोणत्याही मधल्या साठ्यात राहता कामा नयेत. गावातल्या सेवा केंद्रातल्या संगणकावर एकामागून एक वीस मुलं निकाल पाहतात. तिथे एकाचे गुण मशीनवर मागे राहू नयेत, म्हणून त्या पानाला ‘नो-स्टोअर’: साठवूच नका.

यातून काय साधतं ते आकड्यांत पाहू. समजा, निकालाचं पान त्याच्या फाइलींसह पाचशे केबी आहे आणि प्रत्येक मुलाची स्वतःची माहिती फक्त दोन केबी. पंधरा लाख मुलांनी ते एकेकदा पाहिलं तर साडेसातशे जीबी माहिती जाईल. त्यातली खरोखर वेगवेगळी माहिती तीन जीबी. उरलेली ७४७ जीबी सगळ्यांना सारखीच, म्हणजे ती मूळ सर्व्हरने पंधरा लाख वेळा पाठवायची गरज नाही. वाचकाच्या जवळच्या, मधल्या साठ्यातून ती देता येते. निकालाच्या दिवशी सर्व्हर कोसळला असं आपण म्हणतो, तेव्हा या दोन आकड्यांतला फरक कोणी लक्षात घेतला होता का, हे विचारायला हवं.

हे जवळचे साठे कुठून आले, ते सांगायलाच हवं. १९९५ च्या सुमारास वेबचे जनक टिम बर्नर्स-ली अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. वेबवर गर्दी वाढेल तेव्हा ती कशी पेलायची, हा प्रश्न त्यांनी सहकाऱ्यांपुढे ठेवला. टॉम लेटन हे गणिती आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल ल्युइन त्यावर काम करू लागले. १९९७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रिना पाणिग्रही हे त्याचे एक सहलेखक. शेकडो साठ्यांमध्ये कोणती प्रत कुठे ठेवायची, आणि एखादा साठा बंद पडला तरी बाकीच्यांची मांडणी विस्कटू नये यासाठी काय करायचं, याची ती रीत होती. तिच्यावर १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी उभी राहिली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात ल्युइन होते. ते तेव्हा ३१ वर्षांचे होते. त्याच दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर जगभरातून लोटलेली गर्दी पेलण्यात त्यांनी उभारलेल्या जाळ्याचा मोठा हात होता. स्मृतिव्याख्यानाच्या या व्यासपीठावरून त्यांचं नाव आदराने घ्यावं, असं मला वाटतं.

अनेकांसाठी एकच असा सामायिक साठा जितका उपयोगी, तितकीच त्याची आज्ञा चुकली तर हानी मोठी. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर हल्ला होऊन गर्दी प्रचंड वाढली. ती आवरण्यासाठी साठ्याचे नियम घाईने बदलले गेले आणि त्यात चूक झाली. लोकांना दुसऱ्यांच्याच खात्यांची पानं दिसू लागली. सुमारे ३४,००० जणांची माहिती अशी उघडी पडली असावी, असं कंपनीने नंतर सांगितलं. जे पान एकाच माणसाचं आहे त्यावर ‘प्रायव्हेट’ (फक्त त्याच्याच ब्राउझरने साठवावं) किंवा ‘नो-स्टोअर’ लिहिलेलं असणं, आणि मधल्या साठ्याने ते पाळणं, किती मोलाचं आहे हे यावरून कळतं.

आपल्या फोनमधल्या खासगी साठ्यालाही एक धोका होता. एखादी फाइल झटकन आली म्हणजे ती आधीच साठ्यात होती, म्हणजे हा माणूस अमुक संकेतस्थळावर जाऊन आला आहे, असं वेळ मोजून ओळखता येत असे. हे २००० सालीच दाखवून दिलं गेलं होतं. आता ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी साठ्याचा वेगळा कप्पा ठेवतात. क्रोमने हे २०२० मध्ये केलं, फायरफॉक्सने २०२१ च्या सुरुवातीला. त्यामुळे एकच फाइल दोन संकेतस्थळांसाठी दोनदा उतरते. वेगाची ही किंमत मला रास्त वाटते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येतो. पानाची मुदत ठरवणं हे काम आपण प्रोग्रामरवर सोडून दिलं आहे. त्याला सेकंद लिहिता येतात, पण माहिती किती वेळ खरी राहते हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं माहिती देणाऱ्याला. खडकवासला धरणातून मुठा नदीत किती क्युसेक विसर्ग सोडला आहे, हा आकडा पावसाळ्यात तासातासाला बदलू शकतो, हे पाटबंधारे खात्यातला माणूस जाणतो. नदीपात्रात गाडी लावलेला किंवा नदीवरच्या भिडे पुलावरून जायला निघालेला पुणेकर तो आकडा फोनवर पाहतो. या दोघांच्या मधल्या पानावर मुदत कोणी लिहायची? माहिती देणारा आणि प्रोग्रामर या दोन खुर्च्यांमध्ये कधी बोलणंच झालं नसेल, तर ती मुदत दहा टक्क्यांच्या अंदाजावर सोडलेली असते.

हा निर्णय किती बारीक असू शकतो ते पाहा. सर्व्हर बंद पडला तर जुनी प्रत दाखवायला परवानगी देणारी ‘स्टेल-इफ-एरर’ ही आज्ञा मे २०१० पासून आहे. मुदत संपलेली प्रत सर्व्हरला विचारल्याशिवाय मुळीच दाखवू नका, त्यापेक्षा पान मिळत नाही असं सांगा, हे बजावणारी ‘मस्ट-रिव्हॅलिडेट’ ही आज्ञाही आहे. आपत्तीत लागणारे मदतीचे फोन नंबर जुने असले तरी दिसलेच पाहिजेत. तिथे पहिली आज्ञा. विसर्गाचा कालचा आकडा आजचा म्हणून दिसता कामा नये. तिथे दुसरी. एकाच कार्यालयाच्या दोन पानांना विरुद्ध आज्ञा लागतात. कोणाला कोणती, हे पुरात कोणत्या माणसाला काय लागेल याचा विचार केल्यानेच ठरतं.

औषधाच्या प्रत्येक पट्टीवर ते कधी बनवलं आणि कधीपर्यंत चालेल, या दोन्ही तारखा छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. सार्वजनिक माहितीच्या पानाकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो. ब्राउझरसाठी कॅश-कंट्रोलची स्पष्ट ओळ असावी. वाचकासाठी मजकुराच्या वरच ‘ही माहिती अमुक दिवशी अमुक वाजताची, पुढची नोंद अमुक वाजता’ असं ठळक लिहिलेलं असावं. पहिली ओळ चुकली तरी दुसरी वाचकाला सावध करते. याला नवं यंत्र लागत नाही, की वेगळा खर्च लागत नाही.

या सभागृहात शाळा चालवणारे आहेत, पतसंस्थेचे पदाधिकारी आहेत, ग्रामपंचायतीत आणि रुग्णालयात काम करणारे आहेत. आपापल्या संस्थेची पानं उद्या एकदा समोर घ्या आणि ती बनवणाऱ्याला शेजारी बसवा. प्रत्येक पानाबद्दल त्याला सांगा, की ही माहिती इतका वेळ खरी असते, आणि सर्व्हर बंद पडला तर ही दाखवायची, ही नाही. तो त्याचे सेकंद करील. एवढं बोलणं झालं, तर आपल्या लोकांना मिळणारी माहिती जलदही असेल आणि विश्वासाचीही. ते बोलणं सुरू करा, अशी विनंती करतो आणि थांबतो.